बर्फ क्रशरचं झाकण : मे ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

१२ मे, रविवार

काल रात्री पावणेदोनला मामांचा फोन. मामा म्हणजे आमच्या बर्फ कारखान्यात क्रशरवरचे, बर्फाच्या लाद्या फोडायच्या यंत्रावरचे. कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणतात, मॅनेजरसुद्धा. ‘काठी गेली, हात रवला,’ एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी, वर्कशॉपमधला फिटर, मोटरसायकल काढली.

झालं ते असं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या दोन बोटींचा बर्फ भरणं चालू होतं. वळवाच्या वाऱ्याने लाइट गेली. क्रशरच्या तोंडात लादी आडवी अडकलेली. अंधारात मामा काठीने ती मोकळी करायला वाकले, दिसेना म्हणून खिशातला मोबाइल काढायला मागे सरले, आणि तेवढ्यात लाइट आली. बटण कोणीही दाबलेलं नव्हतं. ड्रम आपोआप फिरायला लागला. काठीचे तीन तुकडे झाले, त्यातला एक समोरच्या पत्र्यावर जाऊन आदळला. खड्डा मी पाहिला.

अपघात रजिस्टरमध्ये यातलं काही जाणार नाही. कामगार ४८ तास कामाला मुकला तर कारखान्याने कळवायचं, असा नियम. मामा आज पहाटे सहापर्यंत त्याच क्रशरवर उभे होते. म्हणून आजपासून ही वही. वर ‘थोडक्यात’ असं लिहिलंय. थोडक्यात वाचलेल्यांची वही.

१३ मे

क्रशर नीट पाहिला. दहा हॉर्सपॉवरची मोटर, पट्ट्यांवर चालणारा दातांचा ड्रम, वर लादी सरकवायची घसरण. मूळच्या कंपनीचं झाकण कुठे आहे विचारलं तर एकाने ब्राइन टाकीमागे, म्हणजे बर्फ गोठवायच्या मिठाच्या पाण्याच्या टाकीमागे, बोट दाखवलं. तिथे ते भिंतीला टेकवून ठेवलेलं, वर मीठ आणि गंज, आत पालींची अंडी. किती वर्षं? कोणी चार म्हणतो, कोणी सात.

फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ चं कलम २१ सांगतं की धोक्याच्या भागाला भक्कम आवरण हवं, आणि तो भाग चालू असेपर्यंत ते आवरण जागेवर हवं. टाकीमागे असून चालत नाही.

आवरणाच्या फटीतून हात पूर्ण जात असेल तर फिरता भाग निदान ८५० मिमी दूर असावा, असं यंत्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. खांद्यापर्यंतच्या हाताचा पल्ला धरून काढलेला आकडा. आमच्या घसरणीच्या काठापासून ड्रमच्या दातापर्यंत टेप लावली. ४३० मिमी. मामांचा हात त्याहून लांब आहे, कुणाचाही असतो.

१४ मे

लाइट आल्यावर मोटर आपोआप का सुरू झाली, हे इलेक्ट्रिशियनला विचारायचं होतं. तो आधी टाळत होता. शेवटी पॅनेल उघडून दाखवलं.

पुश बटणाच्या स्टार्टरला लाइट गेली की कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा आतला स्विच, सुटतो. लाइट परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर गप्प. आमच्याकडे तसाच स्टार्टर होता, पण खाऱ्या हवेने बटण दर महिन्याला अडकायचं. मग कोणीतरी बटणाच्या जागी फिरवायचा स्विच बसवला. तो ‘चालू’वर राहिला की राहिला. लाइट जाते, येते, स्विचला त्याचं काही नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीतून लाइट किती वेळा जाते ते मी लिहायला नको.

बसवणाऱ्याने वाईट हेतूने केलेलं नाही. बटण अडकलं की मोटर बंदच होईना, तो त्याहून मोठा धोका होता. त्याने एक धोका काढला आणि दुसरा आणला. इलेक्ट्रिशियनने ते आजच बदललं: पाणबंद पुश बटण, लाल बटण मोठं आणि घसरणीजवळ, हाताशी. खर्च किरकोळ होता, म्हणून परवानगीसाठी थांबलो नाही.

१७ मे

मॅनेजर साहेबांकडे बैठक. साहेब तसे बरे आहेत, पण आज कायद्याचं पुस्तक घेऊन बसले होते. कलम १११ वाचून दाखवलं: सुरक्षेसाठी बसवलेल्या वस्तूत कामगाराने मुद्दाम ढवळाढवळ करू नये, केली तर शिक्षा. ‘झाकण तुमच्या माणसांनीच काढलं ना?’

मी म्हटलं, साहेब, पान उलटा. पुढेच १११-ए आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची माहिती मागायचा, प्रशिक्षण मिळवायचा, आणि सोय नसेल तर थेट निरीक्षकाकडे म्हणणं मांडायचा हक्क कामगाराचा. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीत हे आलं. त्याच दुरुस्तीत ४१-जी आलं: जिथे घातक पदार्थ वापरला जातो तिथे सुरक्षा समिती, मालकाचे जितके प्रतिनिधी तितकेच कामगारांचे.

‘आपल्याला लागू आहे का ते बघावं लागेल.’

‘आपल्या कंप्रेसर रूममध्ये अमोनिया आहे, साहेब. तो घातक नसेल तर मग काय, सोलकढी?’

साहेब हसले. हसल्यावर काम सोपं होतं. ठरलं ते असं: समिती बसवायची, तिघे तिघे. आणि क्रशरचं काम मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत करायचं, कारण १ जून ते ३१ जुलै क्रशर जवळजवळ रिकामाच असतो.

१८ मे

युनियन ऑफिसात आबांशी वाद. समितीत मामांना घ्यावं असं मी म्हटलं. आबांचं म्हणणं, मामा ठेकेदाराचे, आपले सभासद नाहीत, उद्या ठेकेदाराने त्यांना काढलं तर आपण कशाच्या जोरावर बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण क्रशरवर रात्रपाळीला चौघे असतात आणि त्यातला एकही सभासद नाही. सभासद फक्त कंप्रेसरवर आणि वर्कशॉपमध्ये. म्हणजे आमची समिती अशा यंत्राबद्दल बोलणार की ज्याला आमच्यातला कोणी हातच लावत नाही.

मी आबांना त्यांचाच दाखला दिला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली तिला सभासद यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. हे आबा दर १ मेला भाषणात सांगतात. आबा म्हणाले, भाषणातलं भाषणात. पण मामांचं नाव लिहून घेतलं.

२३ मे

तीन रात्री क्रशरपाशी बसलो. काम काही केलं नाही, फक्त पाहिलं. पोरं आधी बिचकली, वाटलं मी साहेबांचा माणूस. दुसऱ्या रात्री चहा आणला तेव्हा सैल झाली.

झाकण का काढलं याचं उत्तर तिसऱ्या रात्री सापडलं, तेही मामांनी सहज सांगितलं म्हणून. पूर्वी बर्फाचे कॅन, म्हणजे लादी गोठवायचे डबे, लहान होते. ते गंजून फुटले तेव्हा नवे आणले ते वरच्या बाजूला दोन बोटं रुंद. लादी मोठी झाली, झाकणाचं तोंड तेवढंच राहिलं. लादी झाकणाला घासून तिरकी व्हायची, तिरकी झाली की अडकायची, आणि दर अडकण्याला चार बोल्ट काढून झाकण उघडायचं. खाली बोटवाले तांडेल शिव्या घालताहेत, ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. पहिल्याच आठवड्यात झाकण टाकीमागे गेलं.

कॅन खरेदी करणाऱ्याने क्रशर पाहिला नव्हता, आणि क्रशरवाल्याला कोणी कॅनबद्दल विचारलं नव्हतं. आम्हाला सात वर्षांत हे कळलं नाही याची मला लाज वाटली. मी वर्कशॉपमध्येच असतो, क्रशरपासून चाळीस पावलांवर.

१ जून

बंदी सुरू. बंदरात बोटी ओढून घेतलेल्या, किनाऱ्यावर प्लास्टिकचे कागद. क्रशर उघडला. आतल्या बाजूला नट बोल्ट ओळखू येत नाहीत, खारानं सगळं एक झालंय. दोन दिवस नुसतं कापण्यात जाणार.

८ जून

पुठ्ठ्याचं झाकण केलं. हापूसच्या पेट्यांचे पुठ्ठे वर्कशॉपमध्ये ढिगाने पडलेत, हंगाम संपला. मामांना बोलावून त्यांच्यासमोर कापलं, चिकटवलं. घसरण लांब करून काठ ते दात ९०० मिमी. दोन्ही बाजूंना मार्गदर्शक पट्ट्या, म्हणजे लादी सरळच आत जाईल. तोंडावर जुन्या कन्व्हेयर पट्ट्याच्या रबरी झालरी, तुकडे उडू नयेत म्हणून. मामांनी एक बदल सुचवला: ढकलायच्या काठीला मध्ये आडवी दांडी. काठी कितीही जोराने ढकलली तरी आडवी दांडी घसरणीच्या काठावर अडकते, पुढे जात नाही. मी वीस वर्षं फिटर आहे, मला हे सुचलं नसतं.

१५ जून

झाकण उघडलं की मोटर बंद व्हावी म्हणून लिमिट स्विच लावायचं ठरलं होतं. आज रिकाम्या क्रशरवर चाचणी घेतली. लाल बटण दाबलं आणि घड्याळ लावलं. ड्रम पूर्ण थांबायला १९ सेकंद. भारी ड्रम, गती सोडत नाही.

म्हणजे स्विच लावून पुरत नाही. झाकण उघडलं, वीज तुटली, माणसाने हात घातला, आणि ड्रम अजून फिरतोय. उलट स्विच आहे या भरवशावर तो आधीपेक्षा लवकर हात घालेल. हा मुद्दा समितीत मांडला तर साहेबांनी ब्रेकवाल्या मोटरची किंमत विचारली, आणि किंमत कळल्यावर विषय बदलला.

१६ जून, रात्री

झोप येईना म्हणून कागदावर आकडेमोड. लांब आट्याचा बोल्ट! झाकण एकाच लांब बोल्टने बंद करायचं. पहिल्या दोन फेऱ्यांतच बोल्टचं टोक लिमिट स्विच सोडतं आणि मोटर बंद. पण झाकण सुटायला बाकीचे आटे फिरवावे लागतात. बोल्ट वीस मिमीचा, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर अडीच मिमी, आटे १५० मिमी, म्हणजे साठ फेरे. तेवढे फिरवेपर्यंत ड्रम थांबलेला. वीज नको, टायमर नको, खारी हवा याचं काही बिघडवू शकत नाही, फक्त ३१६ स्टेनलेसचा बनवायचा. ही युक्ती काही माझी नाही, जुन्या यंत्रांवर असते. आयटीआयमध्ये सरांनी एकदा दाखवलेली आठवली.

२८ जून

हे क्रशरचं नाही, तरी लिहून ठेवतो. कंप्रेसर रूममध्ये तेल काढायचं काम चालू होतं. अमोनियाच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे साठवण टाकीत, तेल तळाला बसतं, कारण ते पातळ अमोनियापेक्षा जड. ऑपरेटर तळाचा व्हॉल्व्ह उघडून बादली लावतो. आज त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि फोन घ्यायला दाराशी गेला. तेल संपलं, मागोमाग अमोनिया आला. वास एवढा की टाकीपाशी असलेल्या माझे डोळे चुरचुरले. तो स्वतःच धावत येऊन बंद करू शकला, नशीब. आठ तासांच्या कामासाठी हवेत २५ पीपीएमपर्यंत धरतात, ३०० ला जीव धोक्यात. आज किती होतं कोण सांगणार, मीटरच नाही. मास्कचं कपाट कुलूपबंद, चावी स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर जेवायला.

कपाटाचं कुलूप मी आजच तोडलं. मेमो येईल तर येऊ दे. तेलाच्या व्हॉल्व्हपुढे स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवा, हात सुटला की आपोआप बंद होणारा. मागणी लेखी दिली, पोच घेतली. ‘थोडक्यात’ वहीत नोंद क्रमांक ६.

९ जुलै

झाकण तयार. सहा लाद्या घालून पाहिलं. पाच सरळ गेल्या, सहावी अडकली कारण उजवी पट्टी अर्धा इंच आत होती. ग्राइंडर लावला. मग दहा घातल्या, दहाही गेल्या. मामा म्हणाले, ‘बरां झालां.’ त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

१७ जुलै

आषाढी. सुट्टी. पाऊस.

२२ जुलै

कुलपं आली. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्या खिशात, वर आपला फोटो आणि ‘हात लावू नका, माणूस आत आहे’. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं, कुलपं अडकवायच्या पट्टीला सहा भोकं असतात. कलम २४ मध्येही आहे की वीज तोडणारं साधन चुकून चालू होऊ शकत असेल तर ते बंद अवस्थेत कुलूप लावता येईल अशी सोय करावी. साहेबांना दुसरी चावी ऑफिसात हवी होती. नाही म्हटलं. खूप वेळ नाही म्हटलं. दुसरी चावी असली की कुणीतरी ‘दोनच मिनिटं’ म्हणून उघडतो. शेवटी तडजोड: दुसऱ्या चाव्या मोडून टाकायच्या, आणि माणूस घरी निघून गेलाच तर कुलूप कापायचं, तेही समितीच्या दोघांसमोर, वहीत सही करून. कुलपामागे शंभर रुपयांचा खर्च साहेबांनी मान्य केला.

३० जुलै

प्रशिक्षण. क्रशरवरचे चौघे, लोडिंगची पोरं. बोटीवरचे नेपाळी खलाशी बर्फ भरताना घसरणीपाशी येतात म्हणून त्यांच्यातल्याही दोघांना बोलावलं होतं. कारखान्याचे नाहीत, ठेकेदाराचेही नाहीत. पण यायचे ते येतातच. फलक मराठी, हिंदी आणि नेपाळीत. नेपाळी मजकूर त्यांनीच लिहून दिला.

गळ्यातला टॉवेल हा मुद्दा मामांनी काढला. फिरत्या यंत्राजवळ घट्ट कपडे हवेत, आणि चालू यंत्राचं तेलपाणी करणाऱ्याला ते कारखान्याने द्यायचे असं कलम २२ म्हणतं. पण घाम कशाने पुसायचा? बाह्यांना मऊ कापडाची पट्टी शिवून घेऊ असं ठरलं. शिंपी माझा मेहुणा.

५ ऑगस्ट

बंदी उठली तरी बंदर अर्धंच जागं. बरेच जण नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय बोट काढत नाहीत. बरं झालं, नव्या झाकणाची सवय व्हायला पंधरवडा मिळाला.

२१ ऑगस्ट

परवा नारळी पौर्णिमा झाली आणि काल रात्री एकदम गर्दी. अकरा ते पाच क्रशर थांबला नाही. फक्त एकदा, पहाटे तीनला, अर्धवट फुटलेली लादी अडकली. मामांनी लाल बटण दाबलं, मेनला कुलूप लावलं, बोल्ट फिरवला, आकडीने तुकडा ओढला, बंद केलं, चालू केलं. पोराने मोबाइलवर वेळ धरलेली: साडेचार मिनिटं. तांडेल ओरडत होते. सुपरवायझरने मला फोन लावला, ‘दादा, तुमच्या झाकणामुळे लाइन थांबली.’ मी म्हटलं, पूर्वी रात्रीत किती वेळा थांबायची? त्याने मोजलेलं नव्हतं. मे महिन्यातल्या तीन रात्री मी मोजल्या होत्या: अकरा, नऊ, चौदा.

२ सप्टेंबर

आज सकाळी पाहतो तर झाकणाला वेगळाच बोल्ट. चार बोटं लांबीचा. पाच फेऱ्यांत झाकण उघडतं, म्हणजे ड्रम अजून जोरात फिरत असताना. टोक इतकं नेमकं घासलंय की लिमिट स्विचवर बरोबर बसतं. आटे लेथवर पाडलेले, सुरेख. ठेकेदाराच्या पोरांना लेथ येत नाही. वर्कशॉपमध्ये असा आटा पाडणारे आम्ही दोघेच, आणि मी बनवलेला नाही.

राग आला. युनियनचा माणूस, पंधरा वर्षांचा सभासद. कलम १११ जिभेवर आलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं. तो लपवालपवी न करता म्हणाला, ‘दादा, एकदा तुम्ही ओल्या हाताने पहाटे तीनला तो बोल्ट फिरवून बघा.’ संध्याकाळी बघितलं. बोल्ट फिरवायच्या चाकाची मूठ लहान, हातमोजा ओला, तिसाव्या फेऱ्याला मनगट भरून येतं, आणि मूठ सटकून अंगठ्याला लागते. साठ फेरे मी कागदावर मोजले होते, कोरड्या हाताने, पंख्याखाली.

५ सप्टेंबर

दोघांनी मिळून चाक काढून वळलेली दांडी बसवली, विहिरीच्या रहाटासारखी, वर फिरती लाकडी मूठ. साठ फेरे आता ३२ सेकंदांत. ड्रमला लागतात १९. मामांनी चार वेळा उघडून लावून पाहिलं आणि काही न बोलता कामाला लागले.

परवा गणपती. छोटा बोल्ट माझ्या कपाटात आहे. समितीत कामगारांची तिसरी जागा मेपासून रिकामी आहे. गणपतीनंतर ती बोल्ट बनवणाऱ्यालाच द्या, असं आबांना सांगणार आहे. आबा का म्हणून विचारतील. बोल्ट सोबत नेतो.